दहापैकी साडेसहा

स्पष्टच सांगते, मला त्यातलं फार कळत नाही.
नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर,
मी दिवसभर लोकांचे दात बनवते,
आधी मेणाचे, मग धातूचे, वरून सिरॅमिक,
आणि रात्री भांडी घासताना
साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून
जपानी कार्टून बघते.
‘कार्टून नाही गं मावशी, ॲनिमे,’ स्वरदा म्हणते.
बरं. ॲनिमे.

पहिली लागली ती बुडालेल्या स्टेशनाची.
फलाट क्रमांक तीन, समुद्राच्या तळाशी,
तिथे एक पोरगी शेवयांचं सूप विकते.
वाफ येते. पाण्याखाली.
कशी येते, ते चोवीस भागांत कुणी सांगत नाही.
गिऱ्हाइकं सगळी न पोचलेली माणसं.
पाचव्या भागात एक कारकून
वाडगं दोन्ही हातांनी धरतो
आणि खात नाही, नुसता धरून बसतो.
तिथे मी नळ बंद केला.
पुढचे आठ भाग शाळेची सहल.
ढकलले. काही अडलं नाही.

दुसरीत यंत्रमानव, पर्वतीएवढा,
चालवणारा मुलगा सातवीत.
मूठ उगारली की त्याला आई आठवते
आणि पावणेदोन भाग आठवतच राहते.
तोवर शत्रू हवेत तिष्ठत.
अलका चौकात लाल दिव्यालासुद्धा
कुणी इतकं थांबत नाही.

दात तर कुणालाच धड नाहीत!
वर एक पांढरी पट्टी, खाली एक,
मधल्या रेघा गायब.
हसताना चालून जातं.
पण तो मुलगा आकाशाकडे बघून ओरडतो,
आणि मी सवयीने दाढा मोजायला जाते,
तर आत नुसतं लाल.

स्वरदा डिसेंबरात जपानीची परीक्षा पास झाली.
तिच्या मते मालिका भिकार, भाषांतर त्याहून.
‘खाली बघ, नुसतं “जा” लिहिलंय.
आई त्याला “जाऊन ये” म्हणत्ये.’
मी हातातली कढई खाली ठेवली.
म्हणजे त्यांच्यातही नुसतं ‘जा’ म्हणत नाहीत.
मग तो पावणेदोन भाग काय आठवत होता,
ते मला जरा कळलं. जरा.

शेवटच्या भागात त्यांचे पैसे संपलेले असणार.
चित्रं हलायची थांबली.
ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे,
आणि मुलाला बघायला जमलेल्या गर्दीला
चेहरेच नाहीत, नुसते अंडाकृती गोळे.
स्वरदा उठून गेली.
मी बसले.
हे गोळे मला ओळखीचे वाटले.
शनिवार, संध्याकाळचे सात,
डॉक्टरांचा माणूस दारात हेल्मेट घालून उभा,
आणि हातातल्या दातावर अजून एक हात फिरायला हवा होता.

केसकर सरांचा ब्रिज असाच गेला होता.
दोन दातांत फट राहिली, केसाएवढी.
महिन्याने ते स्वतः जिना चढून आले.
मी नवीन करून देते म्हटलं, फुकट.
तर म्हणाले, ‘छे हो, सांगायला आलो फक्त.
स म्हटला की शीळ वाजते.
आमचा नातू दिवसभर मला
“सासूबाई सासवडला” म्हणायला लावतो.’
आणि म्हणून दाखवलं.
वाजली खरंच.

स्वरदाने दोन्हींना मिळून चार दिले.
मी साडेसहा.
अर्धा त्या वाडग्याचा,
दातांचे मी कापले आहेत,
आणि सहा कशाचे, ते विचारू नका,
आम्ही परीक्षक नाही.

दुसरा सीझन येणार नाही म्हणे.
भांडी निथळली.
मी परत पाचवा भाग लावते,
सहल निघायच्या आत बंद करीन.